थेट विक्रीत उतरण्यापूर्वी हे शब्द समजून घ्या

दुपारच्या वेळी दुकानात गिऱ्हाईक कमी असते. अशाच एका दुपारी आमच्या दुकानासाठी शिलाई करणाऱ्या मास्टरांची मुलगी आली. बारावी झालेली, शिवणकाम शिकलेली, हिशोबाला पक्की. हातात शाळेची वही होती. बीडमध्ये एका मंगल कार्यालयात कुठल्याशा कंपनीची मीटिंग झाली, तिला ती मैत्रिणीबरोबर गेली होती. दोन तास भाषणे ऐकली आणि जे शब्द समजले नाहीत ते वहीत उतरवून आणले. म्हणाली, "चाचा, तुम्ही धंद्यातले माणूस. या शब्दांचा मतलब सांगा. समजल्याशिवाय मी फॉर्म भरणार नाही."

वहीत पंचवीसेक शब्द होते. प्रॉस्पेक्ट, अपलाइन, डाउनलाइन, लेग, पीव्ही, क्लोजिंग, पॅसिव्ह इन्कम वगैरे. मला त्या मुलीचे मनापासून कौतुक वाटले. कारण वीस वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी आणि मी हेच शब्द ऐकले होते, एकाचाही अर्थ विचारला नव्हता, आणि पैसे भरून मोकळे झालो होतो. ती हकीकत पुढे सांगतो.

आज बीड, माजलगाव, अंबाजोगाई, परळी, गेवराई कुठेही जा, घरोघर कोणी ना कोणी साबण, शाम्पू, पावडरचे डबे, भांडी, सौंदर्यप्रसाधने विकताना दिसते. नोकऱ्या नाहीत, दुकानाचे भाडे परवडत नाही, घरातल्या बायकांना बाहेर पडून काम करणे जमत नाही. अशा कुटुंबांना हा धंदा जवळचा वाटतो. धंदा वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण ज्या धंद्याची भाषा कळत नाही त्या धंद्यात नवा माणूस दुसऱ्याच्या हिशोबाने चालतो. म्हणून त्या वहीतले शब्द इथे क्रमाने मांडतो.

थेट विक्री म्हणजे काय?

दुकान, ठोक व्यापारी, आडत्या यांना मध्ये न घेता माल सरळ वापरणाऱ्याच्या दारात नेऊन विकणे म्हणजे थेट विक्री, इंग्रजीत डायरेक्ट सेलिंग. आपल्याकडे हे काही नवीन नाही. आमचे अब्बा दुकान टाकण्यापूर्वी फेरीवर जात. सायकलच्या मागे कापडाचा बोजा बांधून सकाळी निघायचे, चार-पाच गावे करून रात्री परत. सुट्टीच्या दिवशी मीही बरोबर असे. उर्दू शाळेत जे गणित शिकलो त्यापेक्षा पक्के गणित त्या बोजाजवळ बसून शिकलो.

परदेशातही सुरुवात अशीच झाली. अमेरिकेत डेव्हिड मॅककॉनेल नावाचा घरोघर पुस्तके विकणारा इसम होता. त्याने १८८६ मध्ये अत्तराची कंपनी काढून बायकांमार्फत विक्री सुरू केली, तीच पुढे एव्हॉन झाली. १९४५ च्या सुमारास न्यूट्रीलाइट या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांच्या विक्रीत नवी रीत निघाली. स्वतः विकलेल्या मालावर नफा, शिवाय तुम्ही आणलेल्या विक्रेत्याच्या विक्रीवरही कमिशन. हाच माल विकणाऱ्या दोघा मित्रांनी १९५९ मध्ये ॲमवे स्थापन केली. भारतात युरेका फोर्ब्सचे विक्रेते १९८२ पासून घरोघर जाऊन व्हॅक्यूम क्लीनर आणि पाणी शुद्ध करण्याचे यंत्र दाखवू लागले. १९९५-९६ मध्ये ओरिफ्लेम, टपरवेअर, मोदीकेअर आल्या आणि १९९८ मध्ये ॲमवेचे कामकाज येथे सुरू झाले.

यात दोन प्रकार ध्यानात घ्यावेत. पहिला सिंगल लेव्हल: तुम्ही माल विकला, तुम्हाला नफा मिळाला, विषय संपला. फेरीवाला हा याच प्रकारचा. दुसरा मल्टी लेव्हल, म्हणजे साखळी: तुम्ही दुसऱ्याला जोडले, त्याने तिसऱ्याला, आणि खालच्यांच्या विक्रीचा हिस्सा वर येतो. नव्या माणसाने पहिला प्रश्न हाच विचारावा की हे काम कोणत्या प्रकारचे आहे.

गिऱ्हाइकाशी बोलण्याचे शब्द

प्रॉस्पेक्ट म्हणजे ज्याला माल लागण्याची शक्यता आहे असा माणूस. तो अजून गिऱ्हाईक नाही. मीटिंगमध्ये सांगतात, "ओळखीच्या शंभर जणांची यादी करा." यादी जरूर करावी, पण नाव लिहिताना समोर एक प्रश्न लिहावा: याला या वस्तूची खरी गरज आहे का? जो फक्त भिडेखातर घेईल त्याचे नाव यादीतून काढावे. भिडेने घेतलेला माल दुसऱ्यांदा घेतला जात नाही.

लीड म्हणजे गिऱ्हाइकाचा माग. अमक्या घरी लग्न आहे, तमक्या घरी नवे बाळ आले, ही झाली लीड. अब्बांना कोणत्या गावात कोणाची सोयरीक जुळली ते नाव्ह्याच्या दुकानात आणि चहाच्या हॉटेलात कळायचे.

रेफरल म्हणजे एका गिऱ्हाइकाने दुसऱ्याचा पत्ता देणे. हा सगळ्यात मोलाचा. पैसे देऊन तो मिळत नाही, जुन्या गिऱ्हाइकाच्या समाधानातून मिळतो.

डेमो म्हणजे वस्तू वापरून दाखवणे. आपण थान उलगडून दाखवतो, कापड उजेडात धरतो, तोच हा प्रकार. डेमोसाठी फोडलेली बाटली किंवा डबा तुमच्या खर्चात जातो हे विसरू नये.

ऑब्जेक्शन म्हणजे गिऱ्हाइकाची हरकत. महाग आहे, घरात विचारते, आत्ता पैसे नाहीत. मीटिंगमध्ये प्रत्येक हरकतीला पाठ केलेले उत्तर शिकवतात. माझे मत वेगळे आहे. हरकत आधी नीट ऐकावी, कारण दहापैकी बऱ्याच वेळा ती खरी असते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली बाई दिवाळीच्या आधी "पैसे नाहीत" म्हणते तेव्हा तिच्याकडे खरेच नसतात. मुकादमाची उचल हातात आल्यावर तीच बाई स्वतः बोलावून घेते.

क्लोजिंग म्हणजे सौदा पक्का करणे. फॉलो-अप म्हणजे नंतर विचारपूस करणे: वस्तू कशी निघाली, काही तक्रार आहे का. नवे लोक क्लोजिंगवर जोर देतात आणि फॉलो-अप विसरतात. धंदा टिकतो तो फॉलो-अपवर.

इथे एक गोष्ट सांगतो. एका गावात एका बाईंनी गडद लाल लुगडे हातात घेतले आणि विचारले, "मामू, ह्यो रंग जाईल का?" अब्बा म्हणाले, "जाईल, आक्का. पहिले दोन धुणे येगळे धुवा. नाहीतर दुसरे घ्या." मी लहान होतो, मला राग आला. हातातला सौदा गेला असे वाटले. बाईंनी तेच लुगडे घेतले आणि पुढची कित्येक वर्षे त्या घरातले लग्नाचे कापड आमच्याकडूनच गेले. मालातला ऐब आपण होऊन सांगणे हा आपल्याकडे तिजारतीचा जुना दस्तूर आहे. मीटिंगमध्ये दिलेल्या शब्दांच्या यादीत त्याला शब्द नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिला.

पैशाचे शब्द

एमआरपी म्हणजे पाकिटावर छापलेली, सर्व करांसह कमाल किंमत. यापेक्षा जास्त घेता येत नाही. डीपी म्हणजे विक्रेत्याला ज्या भावाने माल मिळतो तो भाव. या दोहोंतला फरक म्हणजे मार्जिन. मार्जिन म्हणजे नफा नव्हे. इथेच नव्या माणसाची पहिली चूक होते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका वस्तूचा डीपी ४०० रुपये आणि एमआरपी ५०० रुपये आहे. तुम्ही २० नग घेतले, ८,००० रुपये गेले. एक नग डेमोसाठी फोडला. उरलेले १९ नग ५०० रुपयांनी विकले, म्हणजे ९,५०० रुपयांची विक्री. पैकी दोन नग उधारीवर गेले आणि पैसे आले नाहीत, १,००० रुपये बुडाले. हातात आले ८,५००. फिरण्याचे पेट्रोल ४५० रुपये. आता हिशोब करा: ८,५०० वजा ८,००० वजा ४५०, उरले ५० रुपये. मीटिंगमध्ये याच २० नगांवर "दोन हजारांची कमाई" सांगितली जाते. दोन हजार हे मार्जिन. ५० रुपये हा नफा. आठ दिवसांची पायपीट तर आपण धरलीच नाही.

टर्नओव्हर म्हणजे एकूण उलाढाल. "आमचा टर्नओव्हर पाच लाखांचा" असे कोणी म्हणाले तर त्याच्या घरात पाच लाख आले असे समजू नये.

पीव्ही किंवा बीव्ही म्हणजे प्रत्येक वस्तूला कंपनीने दिलेले गुण. त्या गुणांच्या बेरजेवर कमिशन ठरते. एक गुण म्हणजे एक रुपया नव्हे. एका गुणाचे किती रुपये, तो दर कोण ठरवतो आणि तो बदलता येतो का, हे कागदावर पाहून घ्यावे.

कमिशन हा शब्द सर्वांना माहीत आहे. आडत दुकानात दलाली असते, विम्याच्या एजंटला कमिशन असते. कमिशनमधून नियमाप्रमाणे टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापला जाऊ शकतो. पॅन दिलेला नसेल तर जास्त दराने कापतात.

स्टार्टर किट म्हणजे सुरुवातीच्या मालाची पेटी. इन्व्हेंटरी लोडिंग म्हणजे खपेल त्यापेक्षा जास्त माल विक्रेत्याच्या गळ्यात मारणे. हुद्दा टिकवण्यासाठी, गुण पुरे करण्यासाठी महिनाअखेर स्वतःच माल घ्यायचा आणि पलंगाखाली रचायचा. कापडाच्या धंद्यात पडून राहिलेल्या मालाला आपण डेड स्टॉक म्हणतो. पण आपले कापड दोन वर्षांनी निम्म्या भावात तरी जाते. मुदत संपलेली पावडर फुकटही कोणी नेऊ नये.

कर्ज काढून किट घेणाऱ्यांना एवढेच सांगतो की आपल्या जिल्ह्याला उचल म्हणजे काय ते कोणी शिकवायला नको. देणे आधी अंगावर येते आणि काम नंतर. उचल घेणाऱ्याला निदान फडात काम मिळते. इथे गिऱ्हाईक मिळेलच याचा भरवसा नाही.

साखळीचे शब्द आणि त्यांचे गणित

ज्याने तुम्हाला जोडले तो तुमचा स्पॉन्सर. त्याच्यापासून वरचे सगळे अपलाइन. तुम्ही जोडलेले आणि त्यांनी पुढे जोडलेले सगळे डाउनलाइन. तुमच्या खाली निघालेली एकेक फांदी म्हणजे लेग. ज्या योजनेत दोनच फांद्या, डावी आणि उजवी, असतात ती बायनरी. त्यात बहुधा दोन्ही बाजूंची जोडी जमल्यावर पैसे मिळतात. एक बाजू मोठी आणि दुसरी रिकामी असेल तर मोठ्या बाजूची मेहनत अडकून पडते.

ॲक्टिव्ह राहणे म्हणजे दर महिन्याला ठरलेली खरेदी करणे. ती न केल्यास त्या महिन्याचे कमिशन गोठते. रँक म्हणजे हुद्दा: चांदी, सोने, हिरा वगैरे. पॅसिव्ह इन्कम म्हणजे काम न करता चालू राहणारे उत्पन्न. हा शब्द ऐकताच सावध व्हावे. विम्याच्या एजंटला जुन्या पॉलिसीवर दरवर्षी थोडे कमिशन येते, कारण गिऱ्हाईक दरवर्षी हप्ता भरते. साबणाच्या साखळीत कोणी तरी दर महिन्याला साबण घेत राहिले तरच पैसे येतात. ते घ्यायचे थांबले की उत्पन्न थांबते.

आता फळ्यावर काढून दाखवतात ते गणित करू. "तुम्ही फक्त सहा जण जोडा, ते सहा-सहा जोडतील." पहिल्या पायरीवर ६, दुसऱ्या पायरीवर ३६, तिसऱ्यावर २१६, चौथ्यावर १,२९६, पाचव्यावर ७,७७६, सहाव्यावर ४६,६५६, सातव्यावर २,७९,९३६ आणि आठव्यावर १६,७९,६१६. मीटिंगमध्ये बहुधा चौथ्या पायरीवर खडू थांबतो. आपण पुढे गेलो. आठ पायऱ्यांची बेरीज २०,१५,५३८ होते. २०११ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती, तान्ह्या मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत धरून. नववी पायरी भरायची तर १,००,७७,६९६ माणसे लागतील. ती कुठून आणायची? अकराव्या पायरीला ३६ कोटींच्या वर माणसे लागतात आणि २०११ मध्ये अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख होती.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आठ पायऱ्यांची साखळी पूर्ण भरली तरी तिच्यातले १६,७९,६१६ लोक सर्वांत खाली असतात. म्हणजे दर शंभरात ८३ जण असे की ज्यांच्या खाली कोणीच नाही. त्यांना साखळीतून काही मिळायचे नाही, जे मिळेल ते फक्त माल विकून. साखळी कितीही लहान-मोठी असली तरी सहा-सहाच्या हिशोबात हे प्रमाण जवळपास असेच राहते. नवीन भरती होणारा माणूस या ८३ मध्ये असण्याची शक्यताच जास्त.

माझी आणि मास्टरांची हकीकत

आता वर म्हटलेली गोष्ट. वीस वर्षांपूर्वी एक ओळखीचे गृहस्थ दुकानात आले. कोट घातलेले, हातात फाइल. योजना अशी होती की ४,००० रुपये भरायचे, त्या बदल्यात एक सूट पीस मिळणार. पुढे माणसे जोडली की चेक येत राहणार. सूट पीस मी हातात घेतला, चुरगाळून पाहिला, किनार पाहिली. ठोक बाजारात ८०० ते ९०० रुपयांच्या वर त्याची किंमत नव्हती. कापडाच्या व्यापाऱ्याला एवढे कळत नाही असे नाही. मला पूर्ण कळले होते. पण माझी नजर कापडावर नव्हतीच, ती फाइलमधल्या तक्त्यावर होती. मी ४,००० भरले.

मग मी यादी केली. मास्टरांना जोडले. माझ्या बहिणीच्या यजमानांना जोडले. एका जुन्या गिऱ्हाईक गुरुजींना जोडले. मास्टरांच्या घरी तेव्हा ४,००० रुपये नव्हते. त्यांनी मशीन दुरुस्तीसाठी ठेवलेले पैसे आणि थोडे उसने घेऊन भरले. माझ्या शब्दावर भरले. मला दोन लहान चेक आले. सहा-सात महिन्यांनी कंपनीचे ऑफिस बंद झाले. कोट घातलेले गृहस्थही फसलेलेच होते, ते तोंड चुकवू लागले.

मास्टर भांडले नाहीत. काज-बटणाचे काम द्यायला आले तेव्हा एवढेच म्हणाले, "सेठ, कापडाचा भाव तुम्हाला माहीत होता ना?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. गिऱ्हाइकाला लुगड्याचा रंग जाईल हे सांगणाऱ्या माणसाचा मी मुलगा, आणि ८०० चा तुकडा ४,००० ला माझ्याच माणसाला घ्यायला लावला. मास्टरांचे पैसे मी चार हप्त्यांत परत केले. गुरुजींनी घेण्यास नकार दिला, पण त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. बहिणीच्या घरी पुढे दोन वर्षे जेवणाच्या वेळी हा विषय निघायचा. माझे स्वतःचे ४,००० गेले त्याचे मला काही वाटले नाही. जे भरवशाचे भांडवल वडिलांनी कमावून ठेवले होते त्यातून खर्च झाला, तो अजून पुरता भरून निघालेला नाही.

मास्टरांची मुलगी वही घेऊन आली तेव्हा हे सगळे तिला आधी सांगितले, मग शब्दांचे अर्थ सांगितले.

कायद्याचे शब्द

या विषयावर आता कायदा बराच स्पष्ट आहे आणि तो प्रत्येक नव्या विक्रेत्याने जाणून घ्यावा.

मनी सर्क्युलेशन स्कीम म्हणजे सदस्य भरतीवर झटपट पैसे देण्याचे वचन देणारी योजना. १९७८ च्या कायद्याने अशा योजनांवर आणि बक्षिसाच्या चिटफंडांवर बंदी आहे. तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. यात केवळ योजना चालवणारा नव्हे, सदस्य भरती करणाराही गुन्हेगार ठरू शकतो. "मला माहीत नव्हते, मी तर फक्त माणसे जोडली" हे सांगून सुटका होईल असे समजू नये.

पिरॅमिड स्कीम म्हणजे ज्यात लाभ मालाच्या विक्रीतून न येता खालच्यांच्या भरतीतून वर येतो ती साखळी. केंद्र सरकारने २८ डिसेंबर २०२१ रोजी ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ जारी केले. त्यानुसार थेट विक्री करणाऱ्या कंपन्यांना पिरॅमिड किंवा मनी सर्क्युलेशन योजना चालवण्यास मनाई आहे. याच नियमांतल्या कामाच्या गोष्टी अशा:

कंपनीचे भारतात निदान एक प्रत्यक्ष कार्यालय असले पाहिजे. विक्रेत्याशी लेखी करार असला पाहिजे. एंट्री फी, म्हणजे सामील होण्याची फी, घेता येत नाही. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या घरी जाऊ नये. बोलण्याच्या सुरुवातीलाच आपण कोण, कोणत्या कंपनीचे, काय विकायला आलो ते सांगावे. किंमत, पैसे देण्याची रीत, माल परत करण्याची अट, गॅरंटी ही माहिती पूर्ण आणि खरी द्यावी. कंपनीने मंजूर न केलेली पत्रके वाटू नयेत. मालाचा, किमतीचा, कराचा हिशोब वहीत ठेवावा. जीएसटी आणि इतर परवान्यांपैकी आपल्याला काय लागू आहे ते कर सल्लागाराला विचारून घ्यावे.

कूलिंग-ऑफ पिरियड म्हणजे सही केल्यानंतर विचार बदलण्याची मुदत. या मुदतीत दंड न भरता बाहेर पडता येते. आपल्या इसार पावतीत माघार घेणाऱ्याचा इसार बुडतो, इथे तसे नाही. किती दिवसांची मुदत आहे ते करारात पाहावे आणि ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. बायबॅक म्हणजे न खपलेला, न उघडलेला, मुदतीतला माल कंपनीने परत घेणे. त्याची अटही करारातच असते.

ग्रीव्हन्स ऑफिसर म्हणजे तक्रार निवारण अधिकारी. कंपनीने असा अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात निवारण करावे असा नियम आहे. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ हा क्रमांक आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही.

मोठे नाव, मोठी जाहिरात पाहून कोणी निर्धास्त होऊ नये. २०११ मध्ये स्पीक एशिया या योजनेत ११,००० रुपये भरून घरबसल्या संगणकावर सर्वेक्षण करण्याचे पैसे मिळणार म्हणून लाखो लोक सामील झाले आणि त्यांचे पैसे अडकले. एप्रिल २०२२ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने पिरॅमिड योजनेच्या आरोपावरून ॲमवे इंडियाची ७५७.७७ कोटींची मालमत्ता जप्त केली. प्रकरण २०११ चे असून आपण तपासात सहकार्य करीत आलो आहोत, असे कंपनीचे म्हणणे होते. आपल्या जिल्ह्यात मल्टिस्टेट पतसंस्थांमध्ये ठेवी अडकलेल्यांचे हाल आपण पाहिले आहेत. तिथेही दारात येणारा एजंट ओळखीचाच होता.

मालाबद्दल विचारायचे शब्द

आपल्या घरांत आरोग्याच्या गोळ्या, कॅप्सूल, क्रीम विकताना गिऱ्हाईक एक प्रश्न हमखास विचारते: हलाल आहे का? कॅप्सूलचे वरचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावराच्या कातडी-हाडांपासून निघते. वनस्पतीपासून केलेली आवरणेही असतात. खाद्यपदार्थाच्या पाकिटावरची हिरवी किंवा तपकिरी खूण शाकाहारी-मांसाहारी एवढेच सांगते, हलाल की नाही हे सांगत नाही. विक्रेत्याला माहीत नसेल तर "माहीत नाही, कंपनीला विचारून सांगतो" असे उत्तर द्यावे आणि खरोखर लेखी विचारावे. अंदाजाने "हो" म्हणू नये.

दुसरा शब्द क्लेम, म्हणजे मालाच्या गुणाचा दावा. साखर बरी होते, गुडघे नवे होतात, मूल होते असे दावे कानावर येतात. आहारातली पूरक पावडर ही औषध नसते. कोणी तुमच्या शब्दावर डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या आणि काही कमी-जास्त झाले तर त्या घराला तोंड कसे दाखवणार?

सही करण्यापूर्वी

त्या मुलीला मी पाच प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दिले. हीच वस्तू बाजारात काय भावाने मिळते? मी एकही माणूस जोडला नाही तर केवळ विकून मला काय उरते? न खपलेला माल कोण, किती दिवसांत, किती कापून परत घेते? माझे पैसे कोणत्या पावतीवर, कोणाच्या नावाने घेतले जात आहेत? आणि ही वस्तू मी माझ्या आईला याच भावाने विकेन का?

आठवड्याने ती परत आली. कंपनीच्या माणसाला प्रश्न विचारले होते. पहिल्या दोनांची उत्तरे मिळाली, तिसऱ्याला तो म्हणाला, "असे प्रश्न विचारणारे पुढे जात नाहीत." तिने फॉर्म परत केला. सध्या ती आमच्याकडून कट-पीस घेऊन मुलींचे फ्रॉक शिवते आणि मोहल्ल्यात घरोघर जाऊन विकते. माल रोखीने नेते. उधारीची वही वेगळी ठेवली आहे आणि एका घरी ३०० रुपयांच्या वर उधारी द्यायची नाही असे तिने ठरवले आहे. पहिल्या महिन्यात खर्च जाता १,४०० रुपये उरले. रक्कम मोठी नाही, पण ती कोणाच्या खिशातून कशासाठी आली ते तिला एकेका फ्रॉकनिशी सांगता येते. आणि हो, एका फ्रॉकची शिलाई बगलेत कच्ची राहिली होती, ते तिने गिऱ्हाइकाला स्वतः सांगितले आणि फ्रॉक घरी आणून पुन्हा शिवून दिला. मास्टरांनी मला ही गोष्ट दोनदा सांगितली.

आपल्या तरुणांनी थेट विक्रीत जरूर यावे. चांगल्या कंपन्याही आहेत, त्यात इमानदारीने कमावणारेही आहेत. फक्त मीटिंगमधून उठताना टाळ्या वाजवण्यापूर्वी वही काढावी, न समजलेला प्रत्येक शब्द लिहावा आणि त्याचा अर्थ पैशात विचारावा.